आईच्या आवाजासाठी ड्युअल-कोअर

धाकटी : आत्ता? आत्ता कुठे निघालास, दादा?

दादा : कॉम्प्युटरच्या दुकानात. बंद व्हायच्या आत पोचायला हवं. ड्युअल-कोअर मशीन घेऊन येतो.

धाकटी : परवा आईचं ऑपरेशन आहे. घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रच काढणार आहेत. त्यानंतर ती बोलणार नाही, कधीच नाही. आणि तू खरेदीला चाललास?

दादा : म्हणूनच तर! इकडे ये, बघ. हा प्रोग्रॅम आईच्या रेकॉर्ड केलेल्या वाक्यांवरून तिचा आवाज शिकतोय. पुढे तिनं टाइप केलं की हा तिच्याच आवाजात बोलेल. पण हा डबा जुना, आत एकच कोअर, म्हणजे काम करणारा मेंदू एकच. शिकणं चालू असताना रेकॉर्डिंग करायला गेलं की काय होतं, ऐक.

धाकटी : शी! भातात खडे लागल्यासारखं.

दादा : तेच सांगतोय. दोन कोअर असले की एक शिकत बसेल, दुसरा ऐकेल. वाक्यं अजून निम्मीसुद्धा झाली नाहीत गं.

धाकटी : आणि तुझ्या त्या लिनक्सला दोन कोअर कळतात? मोठ्या हौसेनं आणलेला प्रिंटर त्याला कळला नाही, तो अजून माळ्यावर पडलाय.

दादा : प्रिंटरचं वेगळं. हे कर्नलला कळतं.

धाकटी : आता हा कर्नल कोण?

दादा : लिनक्सचा, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टिमचा गाभा. कामं वाटून देणारा.

धाकटी : म्हणजे सगळं दुप्पट वेगानं होणार?

दादा : नाही ना! हा शिकणारा प्रोग्रॅम एकट्या कोअरसाठीच लिहिलाय. तो एकावर बसणार, दुसरा माश्या मारणार. एका वेळी एकच काम करणाऱ्या माणसानं ड्युअल-कोअर घेऊन काही उपयोग नाही. दोन कामं एकदम चालवायची असतील तरच घेण्यात अर्थ.

धाकटी : मग तुला कशाला हवाय? तू कुठे दोन कामं एकदम करतोस?

दादा : म्हणजे?

धाकटी : आई समोर बसून वाक्यं वाचते आणि तू स्क्रीनवरच्या त्या आवाज मोजणाऱ्या हिरव्या पट्टीकडे डोळे लावून बसतोस. आवाज चढला की ‘आई, हळू’, पडला की ‘आई, पुन्हा’. तिच्याकडे बघितलंस तरी का?

दादा : मग काय करू? हातावर हात धरून बसू? डॉक्टरांपुढे माझं काही चालत नाही. रिपोर्टातलं मला काही कळत नाही. इथे निदान काय बिघडलंय ते मला कळतं! सोड, उशीर होतोय.

धाकटी : ओरडू नकोस. आई आत पडलीये.

आई : पडलीये, पण कान शाबूत आहेत. भांडा, भांडा. काय आणायला निघालास रे?

दादा : नवीन मशीन. तुझ्याचसाठी.

आई : मला विचारलंस?

दादा : आई, तू कशाला उठलीस? घशाला त्रास होईल.

आई : आणि ती वाक्यं वाचून होत नाही? ‘शेजाऱ्याची छत्री कपाटात आहे.’ ‘निळी बोट पुलाखालून गेली.’ परवानंतर मी छत्री मागणार आहे होय कुणाकडे?

दादा : सगळे उच्चार यावेत म्हणून तशी असतात ती.

आई : असतील. पण आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून परक्या माणसांशी बोलले. आता या घशात थोडंसंच उरलंय. ते कुठे खर्च करायचं ते मी ठरवीन.

दादा : तेच तर म्हणतोय. नवीन मशीन आलं की दोन्ही होईल. वाक्यंही आणि...

आई : आणि तू दुकानात असशील तेवढा वेळ मी कुणाशी बोलू?

(दादा खांद्यावरची बॅग काढून खुर्चीवर ठेवतो.)

दादा : हे शिकणं थांबवलं, तर या जुन्यावरही आवाज स्वच्छ येईल. पण आतापर्यंत शिकलं ते सगळं वाया. परत पहिल्यापासून.

धाकटी : आणि आईनं वाचलेली वाक्यं?

दादा : ती राहतील.

धाकटी : मग शिकू दे की नंतर. एका कोअरवर, रखडत का होईना. त्याला कसली घाई आहे?

दादा : घाई... नाही. त्याला घाई नाही.

धाकटी : बंद कर, दादा.

दादा : केलं. आता ऐक बरं.

धाकटी : खडे गेले.

दादा : आई, इथे बस. माइककडे बघू नकोस. वाक्यं नकोत आता. बोल काहीही.

आई : काहीही म्हणजे काय? भीती वाटते, ते सांगू?

धाकटी : सांग ना.

आई : ऑपरेशनची नाही गं. काहीतरीच येतं डोक्यात. मला शिंक आली, तर तिचा आवाज होईल का? आणि पाठमोरी असताना हसले, तर कुणाला कळेल?

(दादा हिरव्या पट्टीवरची नजर काढून आईकडे बघतो.)

आई : नुसते बघता काय दोघं? तुम्हीही बोला रे. नंतर ऐकणाऱ्याला वाटायला नको, बाई एकटीच बसली होती.