आतलं कुंकू

वेदिका : बाबा, गेम खेळायला पीसी भारी की कन्सोल? घ्या, विचारलं! वर्गातल्या रंजिता आणि भाग्यलक्ष्मी म्हणत होत्या, तुझी हिंमतच होणार नाही.

बाबा : यात हिंमत कसली?

वेदिका : दादा गेल्यापासून आपल्या घरात ‘पीसी’ हा शब्द कुणी काढलाय?

आई : वेदू, जेव गुपचूप. सार गार होतंय.

बाबा : थांब, कल्पना. विचारलंय तर सांगतो. कन्सोल. ठरलेली चिप, ठरलेली मेमरी. गेम बनवणारे तिच्याच मापानं बेततात. लावला की चालला. तुझ्या वाढदिवसाला घेऊ या.

वेदिका : पण तगडं ग्राफिक्स कार्ड असलं की पीसी पुढे निघतो. दादा हेच भांडायचा ना तुमच्याशी?

बाबा : आशयच्या पीसीत जुनंच कार्ड आहे.

वेदिका : नवं कपाटात आहे. खोक्यात.

(आईच्या हातातला डाव भांड्यात पडतो.)

आई : त्या खोक्याला हात लावायचा नाही! एस. पी. रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून तेच घेऊन येत होता. हेब्बाळच्या पुलावर... खोक्याला साधा ओरखडा नाही, आणि माझं पोर...

बाबा : म्हणूनच म्हणतो, कन्सोलची बंद पेटी बरी. बाहेरून काही आणून बसवायला नको.

वेदिका : मी रोज लावते तो पीसी. शाळेतून आल्यावर, तुम्ही यायच्या आधी.

आई : आशयच्या खोलीत? एकटी?

वेदिका : हो. त्याचीच रेस, त्याचीच निळी गाडी. चित्र अडकत अडकत पुढे सरकतं. रंजिताच्या कन्सोलपुढे बैलगाडीच! मग तापतो आणि धाडकन बंद. काल जाळीतून टॉर्च मारला. आई, आतला पंखा लाल झालाय.

आई : लाल?

वेदिका : कुंकू. दसऱ्याच्या आयुधपूजेला तू जाळीवर वाहतेस ना? हळद, अक्षता, सगळं आत जाऊन चिकटलंय. पंखा नुसता कण्हतो, फिरत नाही.

आई : मी जपत होते गं त्याला.

वेदिका : माहितीये.

बाबा : राहू दे, वेदू. आहे तसा राहू दे.

वेदिका : तसाच ठेवला तर तोही जाईल, बाबा. माझं ठरलंय. कन्सोल नको. रविवारी मी पीसी उघडणार, पंखा साफ करणार आणि दादाचं कार्ड बसवणार. तुम्ही दोघं शेजारी बसा. आणि आई, वरचं कुंकवाचं बोट तसंच ठेवते. आतलं तेवढं पुसते.