तोंडी परीक्षेच्या दिवशी दाढ

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आत्या आणि तिची गाल सुजलेली भाची बसल्या होत्या.

"दुपारी पीएचडीची तोंडी परीक्षा, आणि दाढ आजच दुखायची! काय सांगणार आहेस, बोल बघू."

"गुरुत्वाकर्षण दीर्घिकांना एकत्र ओढतं, त्यांचे समूह बनतात. पण कृष्ण ऊर्जेमुळे अवकाश वाढत्या वेगानं पसरतं, म्हणून नवे समूह जुळणं मंदावतं."

"मग आधीचे विस्कटतात?"

"नाही गं आत्या, घट्ट जुळलेले टिकतात. लांबचे लांबच राहतात."

"म्हणजे ज्यानं उशीर केला, तो मुकला."

"अगं, हेच वाक्य चार वर्षं शोधत होते!"

नर्स आली. "चला, इंजेक्शन देऊन बधिर करू."

"आत्ता नको! जीभ जड झाली तर बोलू कशी? संध्याकाळी येते."

"सिस्टर, आमचा नंबर या काकांना द्या. मघापासून कान टवकारून बसलेत."