हार घातलेली आवडाबाई

मंडळी, मला सांगा — माणूस मरतो केव्हा? श्वास थांबल्यावर? डॉक्टरानं मान हलवल्यावर? अहो, इतकं सोपं असतं, तर मी कशाला उभा राहिलो असतो तुमच्यापुढे! ऐका.

शेवरेबंदर नावाचं समुद्रकाठचं गाव. तिथं विश्रामशेठनं संग्रहालय काढलं. आत काय? जुनी सुकाणं, फाटकी शिडं, फुटक्या बशा! त्या बशांना काचेचं कपाट — वर दिवा! आणि शेठची आई आवडाबाई? ती खाडीपलीकडे, बहिणीच्या पडवीत. सुनेशी पटेना म्हणून चार दिवसांसाठी सोडलेली. त्या चार दिवसांची वर्षं झाली, मंडळी! हसता काय? तुमच्याकडे नाहीत असे चार दिवस?

एकदा होडीवाला म्हणाला, "आवडाकाकी, विश्रामान तुझा केवढा चित्र लावल्यान म्हणे! लोका सांगतत."

म्हातारी हरखली! लेकाला आठवण झाली — आता तोच म्हणणार, "आये, घरी चल!" बहीण म्हणाली, "आदी निरोप तरी येवंदे गो." ऐकतंय कोण? ठेवणीतलं लुगडं नेसली, कपडे बोचक्यात बांधले नि बसली होडीत.

संग्रहालयात पोचली, थेट चित्रांच्या दालनात शिरली. समोर हुबेहूब तीच! हनुवटीवरचं गोंदणसुद्धा चितारलेलं. आणि चित्राला — चंदनाचा हार! खाली समई!

बोचकं काखेत घट्ट धरलं तिनं. हार कुणाच्या तसबिरीला घालतात, हे काय शाळेत शिकावं लागतं?

तेवढ्यात शेठ आला, मुंबईचे पाहुणे घेऊन. "ही माझी आई. गेली बिचारी. तिच्या आठवणीसाठीच केलं हो सगळं!" — डोळ्यांना रुमाल! रुमाल खाली आला, तर समोर आई. काखेत बोचकं.

पाहुण्यानं चित्राकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं. "या कोण?"

अरे, आता तरी बोल! एक शब्द रे मेल्या!

शेठ म्हणाला, "ही? आमच्याकडे कामाला होती पूर्वी."

आवडाबाई ओरडली नाही. तिनं मान डोलावली. "होय सायबानू, कामाक होतंय मी. ह्येका न्हाणयलंय, भरवलंय." लेकाची अब्रू राखली हो तिनं! आणि बोचकं सावरून चालती झाली.

पलीकडे उतरली ती लुगड्यासकट सरळ खाडीत शिरली. डोक्यावरून पाणी घेतलं. सुतकाची आंघोळ, मंडळी!

बहीण धावत आली. "अगो, ह्या काय? कोण गेला?"

"माझो विश्राम गेलो," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

शेठ तिकडे पाहुण्यांबरोबर सुरमईवर ताव मारत होता. ढेकर देत होता! त्याला काय ठाऊक, आपण मेलोय म्हणून?

टाळ्या नकोत. टाळ्यांची चीड येते मला. तुम्हीही कुणाला तरी कुठंतरी चार दिवसांसाठी ठेवून आला आहात — पुढच्याच ओळीत बसलेत काहीजण, मला माहीत आहेत. आज घरी जाऊन झोपण्याआधी चौकशी करा — तुमच्या नावानं आंघोळ झाली की अजून व्हायची आहे?