मोरिहिरोंचा भाजलेला चहा

नाही हो बाई, वाचलंत ते खोटं नाही — अँटिऑक्सिडंट हिरव्या चहातच जास्त. काळ्याचं पान आंबवतात, त्यात ते बदलतं. आणि हा भाजलेला — हा तर विस्तवावरून जाऊन येतो, याच्यात राहणार किती? झाड एकच, पण... कोणासाठी हवाय? नवऱ्यासाठी? आजारी आहेत... हं. बसा जरा. बसा हो.

आमचे हे, मोरिहिरो, इथंच दुकानाच्या दारात चहा भाजायचे. नुसत्या वासानं स्टेशनातून माणसं यायची — आमचं अख्खं काकेगावा शहर हिरव्या चहावर जगतं आणि हे पठ्ठे प्यायचे भाजलेला! हिरवा म्हणजे गवत चावल्यासारखं, म्हणायचे. मग यकृताचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, आवडेल ते प्या आता. आता म्हणजे काय, ते मला कळलं. पण आमची चिझुरु, मुलगी — ती वाचत बसली, वाचत बसली, आणि म्हणाली, "बाबा, भाजलेला बंद. आजपासून हिरवा." जन्मात माझं एक ऐकलं नाही त्या माणसानं, तो चक्क "बरं" म्हणाला! तिच्यासमोर पेला रिकामा करायचे, ती वळली की माझ्याकडे बघून तोंड वाकडं. मी म्हटलं, अहो, सांगा ना तिला. तर म्हणाले, "तिच्या हातात तेवढंच आहे गं. ते कशाला काढून घेऊ?"

शेवटी गिळवेना. ओठ ओले करायची वेळ आली — तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीही केलं असेल कोणाचं. मी गुपचूप भाजलेला करून आणला, कापूस बुडवला — तर चिझुरुनं मनगट धरलं माझं. "आई, हिरवा लाव ना. अजून उपयोग होईल." अजून! श्वास घशात अडकत होता त्यांचा, आणि ही पोर — काय करणार? हिरवाच लावला. त्यांनी तोंड वाकडं केलं, अगदी नेहमीसारखं — आणि गेले. ती म्हणाली, "आई, बघितलंस? बाबा हसले." मी म्हटलं, हो गं, हसले.

नाही, मी रडत नाहीये. तुम्ही आपलं घरी जा आणि त्यांनाच विचारा, काय प्यावंसं वाटतं — थांबा. आली ती. काही बोलू नका.

चिझुरु, या बाईंना हिरवा बांधून दे गं. चांगल्यातला.