आंघोळीला भावाकडे

...नाही, हसा, हसा! तुमच्या घरची भिंत अजून कुणी फोडलेली नाही ना, म्हणून हसू येतंय! तुम्हाला सांगतो, सुरुवात झाली एका थेंबापासून. बाथरूमचा नळ गळत होता, बाकी काही नाही. वायसर बदलला असता की संपलं असतं, पण मला कुठून दुर्बुद्धी सुचली आणि मी ठेकेदाराला बोलावलं. तो आला, भिंतीवर टकटक केलं, कान लावला, मान हलवली... "साहेब, नळाचं सोडा, आतला पाइपच कुजलाय. भिंत उघडावी लागेल. चार दिवस. झालंच समजा!"

झालंच समजा! दर वाक्याला हेच. मी त्याचं नावच 'झालंच' ठेवलंय.

आता घरात माणसं दोन, मी आणि आई. तिचे गुडघे गेलेले, बाथरूमशिवाय तिला ठेवणार कशी? दोन गल्ल्या सोडून थोरला भाऊ राहतो, त्याच्याकडे नेऊन सोडली. पिशवी पोटाशी धरून म्हणाली, "चार म्हणजे चारच हं रे. मला आपल्या घराशिवाय झोप लागत नाही." मी म्हटलं, "आई, शब्द देतो!" शब्द! आणि कुणाच्या जिवावर? झालंचच्या!

चौथ्या दिवशी बघतो तर भिंत गेली, फरशी गेली, नळसुद्धा गेला! प्लंबर म्हणतो, "गवंड्यानं खाच मारली की पाइप टाकतो." गवंडी म्हणतो, "प्लंबरनं खुणा केल्या की खाच मारतो." अहो, दोघं एकाच पायरीवर बसून बोलताहेत हे! मी ठेकेदाराला फोन केला... "साहेब, झालंच समजा!" मग पाइप पडला, तर म्हणे जमिनीवर तीन दिवस पाणी साठवून ठेवायचं, खाली झिरपत नाही ना बघायला. झिरपलं! खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेल्या. पुन्हा सगळं उकरलं.

आणि माझी आंघोळ? रोज सकाळी टॉवेल, साबण घेऊन भावाकडे! तिथं रांग. भाऊ, वहिनी, दोघी पुतण्या, मग मी. वहिनी तोंडानं काही म्हणत नाही हो, पण गीझरचं बटण असं खाट्‌कन दाबते की सगळं कळतं. मी आपला खांद्यावर टॉवेल टाकून आईच्या खाटेवर अर्धा तास बसायचो. ती विचारायची, "झालं का रे?" मी म्हणायचो, "होईल गं." मग गुडघ्याचं सांगायची, कुणाकुणाच्या आजारपणाचं सांगायची, मी लहानपणी तापात काय बरळायचो ते सांगायची. ऐकत बसायचो. जाणार कुठे? आणि तिथून उठलो की तडक झालंचच्या उरावर! "माझी म्हातारी आई वनवासात पडलीय, कळतंय का तुला?" तर म्हणतो, "साहेब, आई आपली सगळ्यांचीच. झालंच समजा!"

एकेचाळिसाव्या दिवशी झालं हो! खरंच झालं! पांढऱ्याशुभ्र टाइल्स, आईला धरायला भिंतीला स्टीलचा दांडा. मी भाड्याची गाडी घेऊनच भावाच्या दारात. घरी आई एकटीच होती. "आई, झालं! ऊठ, चल!"

तिचा चेहरा पडला. म्हणाली, "एवढ्यात?"

एवढ्यात! एकेचाळीस दिवस!

"राहू दे रे मला इथंच. झोप नाही लागत तर नाही लागत. पण तू रोज अर्धा तास बसतोस. तिकडं एका घरात राहून नुसता दाराचा आवाज ऐकायची मी. आलास... गेलास."

मी म्हटलं, "अगं, घरीही बसेन की!"

हसली. "बाथरूम मोकळं दिसलं की तू कसला बसतोस!"

गाडी परत पाठवली.

आता आमचं बाथरूम म्हणाल तर लखलखीत, आणि कोरडं ठणठणीत. मी रोज सकाळी टॉवेल घेऊन भावाकडे, रांगेत शेवटचा. काल वहिनीनं विचारलंच, "भाऊजी, अजून नाही का हो झालं तुमचं?"

म्हटलं, "कसलं होतंय वहिनी! ठेकेदारच तसला आहे."