चौकच्या ढाब्यावर गेलेली म्हैस

मंडळी, वहिनी,

मी चहावाला माणूस. कडावच्या नाक्यावर दिवसभर तोंड चालू असतं माझं, पण माइकसमोर आज पहिल्यांदाच उभा राहतोय. आणि तेही आपल्या बबन दूधवाल्यासाठी. सांभाळून घ्या.

बबन रोज सकाळी माझ्या टपरीवर दूध घालायचा आणि तोच विनोद सुरू करायचा. तुम्हा सगळ्यांना पाठ आहे तो. "एक म्हैस चौक गावच्या ढाब्यावर गेली. खाटंवर बसली. आन् मालकाला म्हनली..." की मारली मोटारसायकलला किक!

"मग? मग रं?" आम्ही ओरडायचो.

"दूध नासंल. उद्या सांगतो!"

किती वर्षं, मंडळी! गिऱ्हाइकं चहापेक्षा त्या म्हशीसाठी यायची.

गेल्या वर्षी त्याच्या पोरीनं मोबाईलमध्ये ते बोलणारं एआय घालून दिलं. बबननं टपरीवर, सगळ्यांसमोर, त्याला म्हैस ऐकवली. "मालकाला म्हनली..." आणि गप्प बसला. मशीन काय म्हणालं? "हा हा! फारच मजेशीर विनोद आहे!"

"अरं, शेवट सांगितलाच नाय! हसतंस कशाला?"

मशीननं माफी मागितली आणि स्वतःच पाच शेवट बनवून दिले. खोटं कशाला बोलू, दोन झकास होते. मी हसलो. बबन नाही हसला. म्हणाला, "नवा जावई सासऱ्याच्या विनोदाला हसतो, तसं हसतंय ते. एवढं सगळं ठावं हाय त्याला, पन एकदा तरी 'मग?' म्हनलं का? ज्या दिशी ते आपनहून 'मग?' म्हनंल, त्या दिशी शेवट सांगतो. त्याला आन् तुमालापन."

झालं! सगळा नाका त्या मशीनच्या मागे लागला. विचार रे बाबा, एकदा विचार! कुणी त्याला पढवायला गेलं की बबन म्हणायचा, "शिकवलेलं चालनार नाय."

आणि बबन गेला. झोपेतच. शेवट न सांगता. खरं सांगा, तुम्हाला राग नाही आला? मला आला. रडत रडत शिव्या घातल्या मी त्याला.

काल न राहवून वहिनींना विचारलं, "वहिनी, म्हैस काय म्हणाली हो?"

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, शेवट नव्हताच. लगीन झाल्यापासून मीपन इचारतेय. सांगून टाकला असता, तर दुसऱ्या दिशी कुनी वाट बघितली असती त्यांची?"

आम्ही दोघं ओट्यावर बसून हसलो. मग रडलो.

मशीनला हे कधी कळेल का? मला नाही माहीत. कळलं, तर टपरीवर घेऊन या त्याला. चहा माझ्याकडून.

आता आपण उभे राहू. दोन मिनिटं गप्प राहणं बबनला कधी जमलं नाही. आपण त्याच्यासाठी राहू. पण त्याआधी सगळ्यांनी एकदा विचारा माझ्याबरोबर.

बबन... मग रं?