पाळण्याचा स्क्रू

वहिनी : वल्ह्याचं पाणी नाही हे, ठकू. वल्ह्याचं वरून ठिबकतं. हे खालून येतंय.

नणंद : अगं वहिनी, कयाकमध्ये थोडं पाणी असतंच. मी मागून एकटी वल्हवतेय, उडतं जरा. तू आपली समोर बघ.

वहिनी : समोरच बघत होते. मघाशी टाचा ओल्या होत्या, आता घोटे बुडलेत.

नणंद : घोटे? थांब... हो गं. माझ्याही सीटखाली आलंय.

वहिनी : किती लांब आलोय आपण?

नणंद : तळ्याच्या बरोब्बर मध्यावर.

वहिनी : हसतेस काय?

नणंद : हसत नाहीये. घाबरले की माझं तोंडच असं होतं. जॅकेटचे पट्टे घट्ट आहेत ना तुझ्या?

वहिनी : तीनदा बघितलेत. तुझेही दोनदा बघितलेत. ठकू, मला पोहता येत नाही आणि बाळ बाटलीला तोंड लावत नाही. अकराला दूध लागतं त्याला. सात महिन्यांत पहिल्यांदा तासभर सोडून आलेय, तेही तू 'घराबाहेर पड, घराबाहेर पड' म्हणून डोकं खाल्लंस म्हणून!

नणंद : काठावर गेल्यावर मनसोक्त भांडू. आधी हात फिरव आणि कुठून येतंय ते शोध.

वहिनी : सापडलं. उजव्या बाजूला, या हँडलच्या बुडाशी. स्क्रूपासून बोटभर चीर गेलीय.

नणंद : दादानं परवा तुझ्यासाठी बसवलं ते हँडल?

वहिनी : पकडायला काहीतरी हवं, असं म्हणाले होते मी. आणि मघाशी तू कयाक दगडांवरून ओढलीस तेव्हा खट् झालं. मी सांगितलं, तर म्हणालीस, वहिनी, तुला सगळीकडेच आवाज येतात.

नणंद : म्हणाले. चुकलं. स्क्रूचं टोक बाहेर आलं असणार, तेच अडकलं दगडात. उपटून टाक तो.

वहिनी : खबरदार! तो आहे म्हणून निम्मं भोक बुजलंय. एक मिनिट... हे बघ. मी हँडल ओढलं की पाणी भसकन येतं. सैल सोडलं की नुसतं झिरपतं.

नणंद : मग सोड की!

वहिनी : सोडते.

नणंद : वहिनी, सोड.

वहिनी : सोडतेच आहे गं, बोटं ऐकत नाहीयेत... हं. सोडलं.

नणंद : शाबास. आता दोघींनी डावीकडे कलायचं. म्हणजे चीर पाण्याच्या वर येईल.

वहिनी : पाण्याकडे कलायचं? मुद्दाम?

नणंद : थोडंसंच. मी वल्हं आडवं टेकवलंय पाण्यावर, तोल माझ्याकडे. बाळ उठू नये म्हणून रात्री कशी कूस बदलतेस, अगदी तशी बदल.

वहिनी : ...आली. आली वर! थांबलं पाणी. सगळं डावीकडे जमा झालंय.

नणंद : आता चीर कोरडी कर. ओल्यावर टेप चिकटत नाही. माझ्या बाटलीला गुंडाळलेली आहे बघ, ही घे. पुसायला काही आहे का?

वहिनी : डायपर आहे.

नणंद : इथे? डायपर?

वहिनी : जॅकेटच्या आत कोंबला होता निघताना. सवयीनं. हस आता.

नणंद : हसू कशाला? डायपर बघून इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

वहिनी : शोषलं सगळं. एकदम कोरडं झालं. पण स्क्रूभोवती फट राहतेय गं.

नणंद : हे घे च्युइंगगम.

वहिनी : शी! तोंडातलं?

नणंद : दिवसभर पोराची लाळ पुसतेस आणि माझी चालत नाही होय?

वहिनी : आण इकडे. ...भरलं. टेप मात्र लागतच नाहीये, कडक झालीय.

नणंद : काखेत धर जरा. ऊब लागली की चिकटेल. ती बसल्यावर अंगठ्यानं घासत राहा.

वहिनी : एक आडवी. एक उभी. वरून आणखी एक. सरळ होऊ का?

नणंद : हळूच.

वहिनी : एक, दोन, तीन, चार... सतरा, अठरा, एकोणीस, वीस. ठकू, थेंब नाही. एक थेंबसुद्धा नाही गं!

नणंद : रडू नकोस, आतलंच पाणी अजून उपसायचंय. टोपी काढ डोक्यावरची, कर सुरू. मी वल्हवते.

वहिनी : उपसून झालं की मीही घेते. दुसरं वल्हं कुठंय?

नणंद : तुझ्या पायाशी. निघाल्यापासून हात लावला नाहीस त्याला.

वहिनी : हात रिकामा कुठे होता?

(काठावर. कयाक पालथी घातली आहे. नवऱ्याच्या खांद्यावर बाळ गाढ झोपलं आहे.)

वहिनी : किती वाजले? उठला होता? रडला?

नवरा : अकराला दहा कमी. हूं की चूं नाही. तुम्ही दोघी एवढ्या भिजलात कशा?

नणंद : दादा, हँडलला स्क्रू कुठले लावलेस?

नवरा : तीन पाकिटातले. चौथा कुठे पडला कोण जाणे, म्हणून पाळण्याचा एक उरला होता तो लावला. जरा लांब होता, पण बसला झकास.

नणंद : झकासच. पार पलीकडे निघाला.

वहिनी : पाळण्याचा उरला होता, म्हणजे?

नवरा : म्हणजे... पाळणा जोडून झाल्यावर एक उरला होता.

वहिनी : आणि सात महिने माझं लेकरू त्यात झोपतंय!

नवरा : घरी गेल्या गेल्या आधी तोच बघतो.

वहिनी : मी बघते. तू नुसता बाजूला उभा राहा. दे त्याला इकडे. ...मानेला किती घाम आलाय बघ. सावलीत तरी उभं राहायचंस.

नवरा : हललो असतो तर उठला असता. आणि हे बघ, हँडलला आखूड स्क्रू आणून देतो, पक्कं बसवून टाकतो.

वहिनी : हँडल नको. भोकं तेवढी नीट बुजव.

नवरा : मग पुढच्या वेळी धरशील काय?

वहिनी : वल्हं.